लाट न करणारी बोट

आमच्या गावात नावेची पारख तांब्यावरून व्हायची. घोडनदीवर धरण झालं, पाणी मागं सरकत सरकत आमच्या शिवारात शिरलं आणि त्या फुगवट्यानं गावाचे दोन भाग केले. अलीकडे गाव, शाळा, डेअरी. पलीकडे मळ्यांतल्या वस्त्या. पलीकडचं दूध रोज सकाळी नावेतून यायचं. कॅनची झाकणं कधीच नीट बसत नसत, त्यामुळं नाव हेलकावली की दूध सांडायचं आणि बायका नावाड्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या. म्हणून नवी नाव आली किंवा जुनी डांबर लावून परत पाण्यात सोडली, की नावाडी तिच्या तळाशी काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि पलीकडे जाऊन यायचा. पाणी सांडलं नाही तर नाव चांगली.

हा नावाडी माझा दोस्त. मी वरच्या आळीतला, तो बुद्धवाड्यातला. कमरेला वाळका भोपळा बांधून आम्ही दोघं एकाच डोहात पोहायला शिकलो. त्याच्या घरी पाणी प्यालो तर आमच्या घरी मला बोलणी बसायची. त्याच्याबरोबर दिवसभर नदीत डुंबलेलं मात्र चालायचं, आणि यात काही विसंगत आहे असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. मलाही नव्हतं.

ग्रामपंचायतीची नाव त्याच्याकडे आली तेव्हा त्यानं तिच्या नाकाडावर निळा पट्टा ओढला. चौदा एप्रिलला नाव दिवसभर सगळ्यांना फुकट असायची आणि चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर जिलबीचा तुकडा पडायचा. शेळ्या, सायकली, दप्तरं, बाळंतिणी, एकदा तर नवरदेवाची अख्खी वरात त्यानं नेली. वाजंत्र्यांना बजावलं होतं, "वाजवा बिनघोर, पर नाचायचं पल्याड गेल्यावर." वल्हं तो असं मारायचा की आवाज येत नसे. म्हणायचा, "आपुन गेलो ते पान्याला कळलं न्हाई पायजे." मी सणसवाडीच्या एका कंपनीत कामाला होतो. कधी तिच्या बसनं लवकर सुटलो, तर घरी जाण्याआधी त्याच्या नावेत एक फेरी मारून यायचो. दिवसभर स्टोअरमध्ये लोखंडाचा खणखणाट ऐकलेल्या कानांना ती शांतता फार बरी वाटायची.

दोन हजार सालाच्या आसपास आमच्या नदीवर पुलाचे खांब उभे राहू लागले. गाव खूश होतं. तोही लोकांत खूश असल्यासारखं दाखवायचा. मला एकट्याला म्हणाला, "पूल झाला की मी काय करू रं? मला दुसरं काय येतंय?"

त्याच सुमारास आमच्या कंपनीच्या मालकांनी आमच्याच काठावर जमीन घेऊन फार्महाऊस बांधलं. जागा मीच दाखवली होती. साहेब माणूस मोकळा. त्यांची मुलगी परदेशात शिकत होती आणि तिथं तिला पाण्यावरच्या एका खेळाचा नाद लागला होता. सुट्टीत ती आली, तेव्हा साहेबांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"हिला बोट हवीय. तुम्ही नदीकाठचे, तुम्हीच बघा. आणि तुमच्या त्या नावाड्यालाच ठेवू बोटीवर. पूल झाल्यावर नाव बंदच होणार ना? मग बोटही त्यांनाच निवडू द्या. चालवायची त्यांनाच आहे."

हे ऐकून मला केवढा आनंद झाला ते सांगता येत नाही. वाटलं, दोस्ताचा प्रश्न सुटला, आणि तोही माझ्या हातून.

मग मुलीनं मला समजावून सांगितलं. ती पायरीवर बसली होती, हातात चहाचा कप.

"काका, पायाला फळी बांधायची, दोरी धरायची. बोट ओढते. बोटीच्या मागे जी लाट उठते ना, तिच्यावरून उड्या मारायच्या. म्हणून बोट जितकी मोठी लाट करेल तितकी चांगली. जड हवी, मागून बसकी. आणि इंजिन पोटात असेल तर फारच छान. मग बोटीच्या अगदी जवळ राहून, दोरी सोडून, नुसतं लाटेवर उभं राहता येतं. पंखा मागे बाहेर असला तर तेवढं जवळ जाता येत नाही, पाय कापला जाईल."

मी "हो, हो" म्हणालो. मनात म्हणालो, पोर शिकलीसवरलेली, पण नदी कुठं बघितलीय हिनं? लाट करणारी बोट चांगली, म्हणजे दूध सांडणारी नाव चांगली! उद्या म्हणेल, मारका बैल बघा. तिला बहुतेक उलटंच सांगायचं असेल, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं.

घरी जाता जाता नावेवर गेलो आणि दोस्ताला सांगितलं, "साहेबांना चांगली बोट पायजे. तू पारखायची. आन् चालवायची पन तूच."

एवढंच सांगितलं. मुलीचं बोलणं सांगितलं नाही. त्याच्यासमोर असला येडपट निरोप घेऊन जायची मला लाज वाटली, हे खरं कारण.

त्यानं वल्हं नावेत आडवं ठेवलं. मग म्हणाला, "म्हंजी इंजिनची असंल. शिकन मी. लई झालं तर आठ दिस लागत्याल."

दौंडच्या खालच्या अंगाला भीमेच्या फुगवट्यावर मासेमारीचा ठेका असलेला एक माणूस होता. त्याच्याकडे दोन बोटी विकायच्या आहेत असं कळलं होतं. आम्ही शिरूरहून एसटी धरली, चौफुल्याला बदलली आणि दौंडला उतरलो. त्याच्या बायकोनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, आणि पिशवीत त्यानं घरचा पितळी तांब्या घेतला होता. दौंड स्टेशनाबाहेर चहा पिताना एक मालगाडी निघाली. ती संपेपर्यंत तो बघत राहिला. म्हणाला, "एवढं वझं वढती, आन् मागं काय बी न्हाई. रूळ हाय तसाच." तो कुठल्याही गाडीकडे नावेसारखंच बघायचा.

ठेकेदाराच्या दोन्ही बोटी काठाला लागल्या होत्या. एक फायबरची, पांढरी, अंगानं सडपातळ, मागं इंजिन टांगलेलं. दुसरी रुंद, मागून जड, पाण्यात म्हैस बसावी तशी बसलेली. तिचं इंजिन पोटात होतं. कुठल्यातरी बंद पडलेल्या बोटिंग क्लबातून ती आली होती, म्हणून ठेकेदार म्हणाला.

आधी पांढरी. दोस्तानं तांब्या भरून तळाशी ठेवला, आम्ही बसलो आणि ठेकेदारानं बोट सोडली. मी आयुष्यात एवढा वेग पाण्यावर पाहिला नव्हता. वारा डोळ्यांत पाणी आणत होता, काठावरचे बगळे भराभर मागं जात होते, आणि तांब्यातलं पाणी नुसतं थरथरत होतं. सांडलं नाही. दोस्त मागं वळून पाण्याकडे बघत होता. मागं एक बारीक रेघ उमटायची आणि मिटायची. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. लेकीला चांगलं स्थळ सांगून आल्यावर बापाचा होतो तसा.

मग दुसरी. तिनं वेग घेताच मागं पाण्याचा असा डोंगर उठला की मी बाकाला घट्ट धरलं. वळून परत येताना ती स्वतःच्याच लाटेवर आदळली आणि तांब्या गडगडत गेला. लाट काठाला पोचली, तिथं एका बाईनं जाळी वाळत घातली होती, ती सगळी भिजली. बाई कमरेला हात लावून उभी राहिली.

"अरं मुडद्यांनो! डोळं हायती का बटणं? दोन दिस झालं वाळवतीया!"

"चुकलं मावशे," दोस्त ओरडला, "ह्या म्हशीला न्हाई घेत आमी!"

बाई शिव्या देता देता हसली. आम्हीही हसलो. त्याच क्षणी मुलीचं वाक्य मला आठवलं होतं. जितकी मोठी लाट, तितकी चांगली. इंजिन पोटात. दोन्ही समोर होतं. मी तोंड उघडलं असतं तर तिथंच सगळं बदललं असतं. पण दोस्त पांढऱ्या बोटीच्या अंगावरून हात फिरवत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तीच आवडली होती.

"हीच," तो म्हणाला.

"हीच," मी म्हणालो.

परतताना त्यानं एसटीत खिडकी धरली. न्हावऱ्याच्या पुढे आल्यावर एकदम म्हणाला, "हिच्या नाकाडाला बी निळा पट्टा मारू का रं? सायेब काय म्हनतील?"

"सायेब काय म्हणत न्हाईत," मी म्हणालो.

बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली तेव्हा निम्मं गाव काठावर होतं. धुणं धुणाऱ्या बायकांनी हातातले पिळे तसेच ठेवले. मुलगी पायाला फळी बांधून पाण्यात बसली, ठेकेदाराच्या माणसानं बोट सोडली, दोस्त शेजारी बसून शिकत होता. दोरी ताणली आणि ती पोर पाण्यातून सरळ उभी राहिली. काठावर आरडाओरडा झाला. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, उभी ऱ्हायली की! बुडंना का गं ही?"

मुलगी दोरीच्या टोकाला डावीकडे गेली, उजवीकडे गेली, गुडघे वाकवून बघितलं. उडी मारायला काही नव्हतंच. मागचं पाणी इस्त्री केल्यासारखं सपाट. एक फेरी मारून ती काठावर आली, केस पिळत माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, लाटच नाहीये."

रागावून नव्हे. बुचकळ्यात पडल्यासारखी. तिनं मला सांगितलं होतं हे तिला आठवत होतं, आणि मला ते आठवतंय का हे ती बघत होती.

साहेब व्हरांड्यातून खाली आले. "ही निवडली कोणी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बोट लावून दोस्तही तोवर काठावर आला होता. मी म्हणालो, "हे आमचे नावाडी. यांनीच पारखली."

आणि तो पुढं झाला. त्याला वाटलं, कौतुक चाललंय. छाती पुढं काढून म्हणाला, "व्हय सायेब, मीच. तांब्या हलला न्हाई बगा."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी मुलीकडे बघितलं, मुलीनं माझ्याकडे. हे आपण काकांना आधीच सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. मीही नाही.

तिला काय हवं होतं ते तिथंच तिनं पुन्हा सगळ्यांसमोर सांगितलं. दोस्त ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. पण वाईट वाटून घेत बसणारा तो गडी नव्हता. "वजन पायजे व्हय? मागं? मग त्यात काय!" म्हणून त्यानं काठावरचे जाडजूड गडी हेरायला सुरुवात केली. सोसायटीचे चेअरमन, पिठाची गिरणीवाला, बॅन्जोवाल्यांचा ढोल वाजवणारा. सगळ्यांना मागच्या अंगाला, डाव्या बाजूला कोंबलं. चेअरमन म्हणाले, "आरं, मला पवता येत न्हाई!" तो म्हणाला, "तुमी बुडत न्हाई चेअरमन, सोसायटी बुडंल पर तुमी न्हाई." बोट डावीकडे कलली, मागून खोल बसली, आणि खरोखर त्या बाजूला एक लाट उठली. फार मोठी नव्हती, पण लाट होती. मुलीनं तिच्यावरून उडी मारली आणि पडली आणि पाण्यातच हसत सुटली. त्या दिवसाइतकं हसणं आमच्या काठानं पुन्हा ऐकलं नसेल.

पण रोज चेअरमन कुठून आणायचे? पुढच्या सुट्टीपर्यंत साहेबांनी मुंबईकडून पोटात इंजिन असलेली, वजन भरायला आत टाक्या असलेली बोट आणली, आणि तिच्याबरोबर तिचा चालकही आला. साहेब मला म्हणाले, "तुमचे नावाडी माणूस चांगले आहेत हो, पण त्यांना या बोटींमधलं कळत नाही." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हो साहेब."

पूल झाला. नाव काठावर पालथी पडली, निळा पट्टा उन्हानं पांढुरका झाला. मी शब्द टाकून दोस्ताला कंपनीत लोडिंगला लावला. माझ्याच बसमधून तो सणसवाडीला यायचा. बिहारकडच्या पोरांबरोबर खोकी उचलायचा, त्यांच्याकडून हिंदी शिकला, त्यांना पोहायला शिकवतो म्हणायचा. तिथं विहीरही नव्हती. दिवाळीला त्याची बायको माझ्या घरी करंज्या घेऊन आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "तुमच्या मालकांमुळं आमचं भागलं." मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

गावात एक बोलणं पडलं. कुणी फसून काही विकत घेतलं, भाकड म्हैस, नाहीतर चालता चालता बंद पडणारी गाडी, की लोक म्हणायचे, "नावाड्याची बोट घेतलीस की." त्याच्या समोरही म्हणायचे. तो हसायचा.

इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. साहेबांनी फार्महाऊस केव्हाच विकलं, मुलगी परदेशातच राहिली. माझी बायको गेली, तिलाही सांगितलेलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात दोस्ताचा मुलगा माझ्याकडे आला. तो टेम्पो चालवतो. शनिवार-रविवारी आता पुण्याची माणसं आमच्या काठावर तंबूत राहायला येतात, त्यांना बोटीमागं फळीवर ओढायचं, असा त्याचा विचार.

"दौंडकडं दोन-तीन बोटी हायेत, आप्पा. तुमी चला बघायला."

"तुझ्या बापाला घेऊन जा की."

"आबा?" तो हसला. "आबांना नको. त्यांनी तवा काय घेतलं ते सगळ्या गावाला ठावं हाय. मला नावाड्याची बोट नको."

बापाबद्दल तो हे अगदी मायेनं बोलला. त्यामुळंच मला बसवेना. मी चपला घातल्या आणि त्याला घेऊन त्याच्याच घरी गेलो. दोस्त ओट्यावर लसूण सोलत बसला होता. मी उभ्या उभ्याच मुलाला सगळं सांगितलं. पायरीवर बसून ती मुलगी काय बोलली ते, शब्द न शब्द. मी निरोप दिला नाही ते. दौंडला आठवूनही गप्प बसलो ते. "तुझ्या बापाला 'चांगली बोट' बघ म्हणून मी सांगितलं, आणि त्यानं चांगली बोटच बघितली," मी म्हणालो.

मुलगा बापाकडे बघत राहिला. दोस्तानं लसणाची पाकळी सोलली, ताटात टाकली, दुसरी घेतली.

"तवा म्हनली व्हती ती पोरगी? दौंडला जायच्या आदी?"

"हां."

"इंजिन पोटात, असं बी म्हनली व्हती?"

"हां."

"म्हंजी ती म्हस."

"तीच."

त्यानं हातातली पाकळी न सोलताच ताटात टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला खोकी उचलायला लावली, लेका." आवाज चढला नव्हता. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, किंवा जाऊ दे म्हणेल. त्यानं दोन्ही केलं नाही. ताट बाजूला सारून आत गेला. त्याची सून मला "बसा ना" म्हणाली, पण मला बसता आलं नाही.

त्यानंतर पंधरवडाभर तो दिसला की मान वळवायचा. मग एक दिवस टेम्पो दारात उभा राहिला. मुलगा खाली उतरून म्हणाला, "आबा बोलवत्यात. दौंडला जायचंय." आबा पुढं बसले होते. मी मागं चढलो. तिथं माझ्या मांडीजवळ एक पिशवी होती, आणि पिशवीत काय आहे हे मी हात न लावता ओळखलं.

भीमेच्या काठावर पोचल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याशी तोंड उघडलं. "आता सांग. ती काय म्हनली व्हती ते सगळं परत सांग. काय बी गाळू नको."

मी सगळं सांगितलं. जड. मागून बसकी. इंजिन पोटात. जितकी मोठी लाट, तितकी चांगली. तो मान हलवत ऐकत होता, आणि मुलगा बापाच्या तोंडाकडे बघत होता.

मग त्यानं तांब्या काढला, काठोकाठ भरला, आणि बोटीत न ठेवता पाण्याच्या कडेला एका सपाट दगडावर ठेवला. स्वतः शेजारी उकिडवा बसला. पहिली बोट गेली, तिची लाट दगडाच्या अलीकडेच विरली. "न्हाई." दुसरी रुंद होती, बुटकी. ती दूरवर वळली, वेग घेऊन समोरून गेली. मागून पाणी उठलं, चालत आलं, दगडावर चढलं आणि तांब्या उचलून घेऊन गेलं.

"हीच," तो मुलाला म्हणाला.

मुलानं, "व्हय आबा," म्हटलं आणि ठेकेदाराकडे बोलायला गेला. दुसरं काही विचारलं नाही.

पितळी तांब्या कलंडून गाळात रुतत होता, नुसतं तोंड वर दिसत होतं. दोस्तानं माझ्याकडे बघितलं.

"बगतूस काय? बायकोचा तांब्या हाय. जा, आण."

माझे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. विजार वर खोचून मी पाण्यात उतरलो. तो काठावरून ओरडत होता, "आरं डावीकडं! डावीकडं! पन्नास वर्सं नदीत काढली, तुला डावं-उजवं कळंना!"